पडायला हवी ती भिंत

भिंत सरळ आहे का ते तपासायच्या लोंबत्या दोरीवरून गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सूतभर जरी कलली तरी हा गवंडी स्वतःच्या हाताने ती पाडून पुन्हा बांधायचा. तीस वर्षांत त्याच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप झाली नव्हती.

धाकट्या बहिणीचं घर समुद्राजवळ, खांबांवर उभं होतं. खालच्या मोकळ्या जागेत तिला शिलाईचं दुकान थाटायचं होतं, म्हणून यानं जाड भिंती घातल्या आणि खांबांत सळ्या ठोकून पक्क्या जखडल्या. सख्ख्या बहिणीचं काम, त्यात हात आखडता कसा घेणार? शेजारच्या घराखाली कुणा नवशिक्यानं पातळ, लेच्यापेच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्या बघून ओळंबा महिनाभर हसत होता.

मग त्सुनामी आली. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर पाहतात तो काय, बहिणीचं घर आडवं आणि शेजारचं उभं! त्याच्या खालच्या भिंती तेवढ्या वाहून गेल्या होत्या.

ओळंब्याचं डोकंच चालेना. पाहणीला आलेल्या इंजिनिअरबाईंना त्यानं गाठलं.

"बाई, माझं काय कच्चं राहिलं?"

"कच्चं काहीच नाही काका, तीच तर गोची आहे. शेजारी भिंती फुटल्या, पाणी आरपार गेलं. तुमची भिंत हटेना. सगळा रेटा तिनं अंगावर घेतला आणि खांबांवर टाकला. खांबच मोडले. आता पाया खोल घ्या, खांब भक्कम करा, पण खालची भिंत त्यांना जखडू नका. लाट आली की ती सुटून जायला हवी."

समजलं, पण पटेना. नव्या घराची पहिली भिंत उभी राहिली तर तिच्यात सळ्या होत्याच. हातानं सवयीनं ठोकल्या होत्या. चांगली झाली म्हणून भिंत पाडायची, हे त्याच्या बापजन्मात घडलं नव्हतं. तरी पाडली. दुसरी बांधायला घेतली तेव्हा बहीण आली.

"दादा, ही अशी लेचीपेची का रे? जुन्या घराला होती तशी बांध ना."

हे तिला सांगायचं तो इतके दिवस टाळत होता.

"तिनंच तुझं घर पाडलं गं. माझ्याच भिंतीनं."

"म्हणजे तू चुकलास?"

"ते मला अजून कळत नाही."

"मग आता वरचं घर टिकेल ना?"

"टिकेल. ही पडेल, म्हणून टिकेल," तो म्हणाला, आणि हातातली थापी खाली ठेवून लहान मुलासारखा रडू लागला.