पावण्याचं भाडं

बँकेत राहतं घर गहाण टाकायची सही करताना मला ‘तारण’ हा शब्द फार आवडला होता. तारतं ते तारण, असं आपलं माझं मराठी. शेजारी बसून बायकोनंही सही केली. ती नेसरीकडची, तिला शब्दबिब्द आवडत नाहीत. बाहेर पडल्यावर तिनं एवढंच विचारलं, “हप्ता चुकला तर आपण ऱ्हायचं कुठं?”

“लॉजवर की! आठ खोल्या हाईत.”

ती हसली नाही. आणि चपला घालता घालता तो प्रश्न जो माझ्या डोक्यात शिरला, तो आजतागायत तिथंच मुक्कामाला आहे, तोही फुकट.

लॉज जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, बरीच वर्षं बंद पडलेलं. खरेदीपुरतं कर्ज बँकेनं दिलं. दुरुस्तीचे पैसे मात्र त्यांचा माणूस येऊन काम बघेल, त्यानंतर. तोवर पदरचे घालून सुरुवात करायची होती. शहाण्यानं दोन खोल्या धरल्या असत्या. मी मिस्त्रीचाचांना म्हणालो, “सगळं एकदम फोडा.” चाचांनाही फोडायचा उत्साह दांडगा. सात खोल्यांतले संडास, फरशा, नळ, सगळं त्यांनी असं उचकटलं की बघत राहावं. आणि पदरचे पैसे संपले. हातात उरली एक धड खोली आणि नव्या रंगाची पुढची भिंत.

मग भीती सुरू झाली. दाढी करताना आरशात मला लिलावाची नोटीस दिसायची. बँकेचा साहेब कधी येईल सांगता येत नव्हतं, म्हणून मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाकडं बघत बसायचो. साहेब गाडीतनं येणार, हातात फाईल असणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्या दुपारी आला तो मोटारसायकलवरनं. केसांत, खांद्यावर गुलाल. डोंगरावरनं उतरणारा प्रत्येक माणूस असाच दिसतो. मी ओळखलंच, भाविक!

“या या पावणं! दर्शन झालं न्हवं?”

“झालं. इथले मालक—”

“मीच की. बसा. चहा घ्या.”

त्याला तोंड उघडायला मी जागा ठेवली असती, तर ही गोष्टच घडली नसती. चहा पिता पिता त्यानं विचारलं, “खोल्या किती चालू आहेत?”

“एकच. बाकीच्यात संडासाच्या जागी नुसती भोकं हाईत.”

“पुढून रंग तर छान दिलाय.”

“त्यो बँकेच्या सायबासाठी! गाडीतनं उतरलं की भिंत दिसती. ती माणसं कुठं माडी चढत्यात?”

शिडीवरचे चाचा खो खो हसले. पावणाही थोडा हसला. मग म्हणाला, “भाडं काय घेता?”

“तुम्ही पहिलं गिऱ्हाईक. जोतिबाकडनं आलेल्या पावण्याकडनं कसलं भाडं? हातपाय धुवा, पडा जरा.”

त्यानं कप खाली ठेवला. पाठीवरची बॅग पुढं घेतली आणि आतनं मोजायची टेप काढली.

“जरा टोक धरता का? माडीपासून सुरू करू.”

मी टोक धरलं. दर्शनाला टेप घेऊन कोण जातं? हाच बँकेचा साहेब. प्रत्येक खोलीत तो भोकात डोकावायचा आणि बॅगेतल्या फायलीत काहीतरी लिहायचा. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या घरातला मोरीचा नळ आला. तो उलटा पिळला तरच उघडतो. घर गेल्यावर नव्या मालकाला हे कोण सांगणार?

खाली आल्यावर त्यानं विचारलं, “भाडं काय लिहू? तुम्ही तर घेत नाही म्हणालात.”

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको दारातनं म्हणाली, “हजार रुपये खोलीचं. चहाचं वेगळं. आणि ह्यांचं बोलणं फुकट, त्ये धरू नका.”

त्यानं मुकाट्यानं पाकीट काढून चहाचे पैसे दिले. “अगं, पावणं हाईत—” म्हणत मी तिचा हात धरायला गेलो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी हात खिशात घातला.

“आधी दोन खोल्या पुऱ्या करा,” साहेब जाताना तिला म्हणाला, मला नव्हे. “तेवढ्यापुरतं लिहितो. त्या बघून पुढचं. आणि ह्यांना रंग आणू देऊ नका.”

त्या दोन झाल्या, मग आणखी दोन. उरलेल्यांत भोकं तशीच आहेत आणि घराचे कागद बँकेतच आहेत. गल्ल्यावर बायको बसते. मोटारसायकल वळली की माझी नजर आधी खांद्याकडं जाते. गुलाल दिसला की पाठीवर बॅग आहे का बघतो. ओठांवर आलेलं ‘पावणं’ मी गिळतो आणि सगळ्यांनाच ‘साहेब’ म्हणतो.

परवा वारणानगरकडचे एक शेतकरी आले. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. “सायेब काय म्हणतायसा?” ते ओरडले. “पावणं म्हणा की!”

मी गल्ल्याकडं बघितलं. बायको चाव्या हातात घेऊन माझ्याकडंच बघत होती.

“न्हाय जमत,” मी म्हणालो. “घर तारण हाय.”