काकीजींच्या फ्रिजमधली डबी

मे महिन्यातला शनिवार. दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. जालन्यातल्या लॅबमधून एक छोटी डबी घेऊन निघालो... आत मेणाच्या वडीत माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या टाचेचा तुकडा होता.

अण्णांची शेती घनसावंगीकडे. टाचेवर काळी गाठ आली, तुकडा काढून तपासला, तरी डॉक्टरांना खात्री होईना. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा वाईट कॅन्सर निघाला, तर पाय कापावा लागणार होता. पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साध्या गाठीही असतात म्हणे... नक्की कळायला मुंबईत इम्युनो टेस्ट. मेलॅनोमाच्या पेशी हुडकणारे मार्कर लावून बघतात.

मुंबईची लॅब सोमवारी उघडणार. तोवर डबी थंड जागी ठेवा, असं बजावलेलं. जालन्यात मस्तगडातली माझी भाड्याची खोली पत्र्याची, नुसती भट्टी. फ्रिज फक्त खाली घरमालकीणबाईंकडे, आमच्या काकीजींकडे. पक्कं जैन घर, कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. मी सरळ खोटं बोललो... ‘औषध आहे.’

त्यांनी डबी दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. रविवारी सकाळी त्याच दुधाचा चहा माझ्या हातात दिला. मी कप तसाच खाली ठेवला... सगळं सांगून टाकलं.

काकीजी उठल्या. फ्रिज उघडला. आता डबी परत देणार, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी दूध-दही बाहेर काढलं आणि डबी आत एकटीच राहू दिली.

“खोटं कशाला बोलला रे? तुझ्या बापाचा पाय मी उन्हात ठेवू दिला असता का?”

त्या दिवशी त्या घरातलं दूध नासलं. कुणी अवाक्षर काढलं नाही.

रिपोर्ट आला. एस-१००, एचएमबी-४५... दोन्ही मार्कर निगेटिव्ह. घामाच्या ग्रंथीची साधी गाठ, फक्त रंगानं काळी. तेवढी गाठ काढली, पाय वाचला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. अण्णा म्हणाले, “जन्मभर घाम गाळला, थोडा पायात राह्यला असंल.”

परवा काकीजी गेल्या. अण्णा आता थकलेत, त्यात ऊन मी म्हणत होतं. स्मशानापर्यंत जायला मी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.

काकीजींना ते भाभी म्हणायचे.

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “भाभींच्या घरी राहून आलेला पाय हाये ह्यो.”

आणि चालत निघाले.