दक्षिणेचं दार

रघुनाथभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्वेच्या दारात बसून पेरणीतनं उरलेल्या शेंगा फोडत होते. फोन येडशीहून, पुतण्याचा. सकाळी आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, दुकानाचं शटर वर केलं, आत जाऊन स्टुलावर बसले आणि बसल्या जागीच मान खाली गेली, असं त्यानं सांगितलं. रघुनाथ म्हणजे माझा धाकटा दीर. येडशीत रस्त्यालगत त्यांचं वेल्डिंगचं दुकान. तीस वर्षांत आसपासच्या गावांत किती शेडं आणि किती पत्र्याची घरं उभी केली ते त्यांनाच ठाऊक. फोन ठेवल्यावरही मी आणखी पाचसहा शेंगा फोडल्या. हात आपले चालूच होते... मग सूप बाजूला सारलं आणि ज्या दारात बसले होते त्या दाराकडं मान वळवून बघितलं. तिथनं उठायला मला लई वेळ लागला.

त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहिणं मला अवघड नाही, चौतीस वर्षं मास्तरकी केलीय. पण भावजींबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते टाळून टाळून मी थकलेय. एखादं वाक्य माणूस जिवंत असताना बोलायचं राहून गेलं की ते नंतर किती भुणभुण करतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. असो. पहिल्यापासनं सांगते.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा भावजी शाळकरी होते आणि नापास होण्यात पटाईत होते. सायकल खोलायची आणि जोडायची, एवढीच ह्याला अक्कल, असं सासरे म्हणायचे. भूकंप झाला त्या वर्षी ते विशीत होते. लोहाऱ्याकडं त्यांच्या मामाचं गाव. तिथली माळवदाची घरं सगळी खाली बसली होती. हातभर रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं ओझं, दुसरं काय होणार? भावजी आठ दिवस तिथं दगड उपसायला राहिले. काय काय बघितलं ते कधी बोलले नाहीत. परत आले ते महिनाभर अंगणातच झोपले, आणि त्याच वर्षी वेल्डिंग शिकायला गेले.

तेव्हापासनं डोक्यावर दगड नको, हा त्यांचा हट्टच झाला. आपल्याकडं पत्रा टाकला की वर दगड ठेवायची रीत आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. ते दिसलं की भावजी भडकायचे. पत्रा उडायचा तो उडतोच, दगड तेवढा खालच्याच्या टाळक्यात बसतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा पुतण्यासाठी आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडं पोरगी बघायला गेलो होतो. पोहे समोर आले तरी भावजींची नजर छपरावर. शेवटी राहवेना, तेव्हा पोरीच्या बापाकडं शिडी मागितली, वर चढून सगळे दगड उतरवले आणि गाडीच्या डिकीतले हुक काढून पत्रा खालच्या पाइपाला आवळून दिला. त्यांची बायको मंगल, म्हणजे माझी जाऊ, लाजून बोळात जाऊन उभी राहिली. येताना मी विचारलं, भावजी, पोरगी कशी वाटली? तर म्हणाले, पोरगी बघायची राहिली वहिनी, पण छप्पर आता चांगलंय.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर तेरच्या शिवारात, आमच्या शेतातच घर करून राहायचं ह्यांनी ठरवलं. घर बांधणार कोण, हा प्रश्नच नव्हता. भावजींनी दीड महिना दुकान बंद ठेवलं. काळी माती उकरत खाली मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, त्यात काँक्रीट, काँक्रीटात वाकवलेले बोल्ट, आणि त्या बोल्टांवर खांब आवळले. वारं घराला ढकलतं असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे ते घर उचलतं, असं ते समजावून सांगायचे. म्हणून छपराच्या कडेला हुक दाट लावायचे, मधे थोडे विरळ चालतील. पत्रा भिंतीबाहेर फार काढायचा नाही, नाहीतर वाऱ्याला धरायला कान मिळतो. आणि पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीत, खांबाखांबांमधे, तिरप्या अँगलची मोठी फुली. भिंत चौकोनाची तिरकी होऊ नये म्हणून ही फुली. मी चेष्टा करायचे, भावजी, घर बांधताय का बैल? ते गॉगल वर करून म्हणायचे, "बैल सुटला तर दावणीला परत येतोय वहिनी. पत्रा येत न्हाय."

दार त्यांनी दक्षिणेला काढलं. आमच्या शिवारात वळवाचं वादळ एकतर उगवतीकडून येतं नाहीतर मावळतीकडून, आणि दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. दार फुटलं की वारं आत शिरतं आणि खालनं छप्पर उचलतं. ह्यांना ते पटलं. मलाही पटलं. दक्षिणेच्या दारात उभं राहून ह्यांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला.

आठ महिन्यांत हे गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, धाराशिवला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आणि मग सांत्वनाला येणाऱ्या बायका. दहाव्याच्या दिवशी चुलत सासूबाई दारातच थबकल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, अगं बाई, दक्षिणेला दार, यमाच्या तोंडाला. मी शिकलेली बाई. मुलांना अंधश्रद्धेवर धडे शिकवलेले. तरी ते वाक्य काट्यासारखं आत राहिलं. एकटं घर, रिकामी खाट... अशा वेळी माणसाला कुणावर तरी खापर फोडायला हवं असतं. देवावर फोडून भागत नाही, तो सापडत नाही. दार समोर होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी मी तेरहून दुसरा वेल्डर आणला. भावजींना कळवलं नाही. त्यानं पूर्वेच्या भिंतीतली फुली कटरनं कापून काढली आणि तिथं दार बसवलं. दक्षिणेचं दार आतनं कडी घालून बंद केलं आणि त्यापुढं लोखंडी कपाट ओढलं. श्राद्धाला भावजी आले ते सवयीनं दक्षिणेकडं गेले. दार बंद. मग वळसा घालून पूर्वेला आले. कापलेल्या अँगलचे तुकडे तिथंच भिंतीला टेकून ठेवले होते, ते उचलून ठेवायचंही मला सुचलं नाही. त्यांनी ते बघितले, दार बघितलं, चप्पल काढली आणि आत येऊन ह्यांच्या फोटोपुढं बसले. मला वाटलं आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. दिवसभर ते पंगतीत वाढत होते, वरण वाढताना माझ्याकडं आले तरी नजर खालीच.

त्या दारानं मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. तुम्ही बांधलेल्या घरानं तुमचा भाऊ खाल्ला. दुसरा काय अर्थ होता त्याचा? पुढं चार वर्षं ते चैत्र लागला की यायचे. छपराचे हुक तपासायचे, सैल झालेले आवळायचे, आणि जाताना हळूच म्हणायचे की पूर्वेकडं दाराच्या बाजूला फुली घ्यायला पाहिजे, ती भिंत मोकळी आहे. मी म्हणायचे, बघू की पुढच्या वर्षी. त्यांना हो म्हणावं तर चूक कबूल केल्यासारखं होतं. मास्तरणीला चूक कबूल करायची सवय नसते, दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ मारण्यात जन्म गेलेला असतो.

यंदा वैशाखात वावधान सुटलं. भर दुपारी आभाळ काळं झालं, आधी धूळ, मग गारा. मी घरात एकटीच, मुलगा धाराशिवला कामावर. उगवतीकडून असा धक्का आला की पूर्वेच्या दाराची कडी तुटली आणि वारं आत घुसलं. छप्पर वर उठतंय आणि खाली आपटतंय... पण एक पत्रा सुटला नाही. मग वारं फिरलं आणि उत्तरेकडून धडका द्यायला लागलं. पूर्वेची बाजू माझ्या डोळ्यांदेखत दक्षिणेकडं कलली. वीतभर असेल, पण घर कलताना दिसणं म्हणजे काय ते सांगता येत नाही. दार चौकटीत तिरकं होऊन अडकून बसलं. वादळात बाहेर पळू नका, फुलीजवळ जाऊन थांबा, असं भावजींनी कधीतरी सांगितलेलं. मी पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन तिथल्या खांबाला मिठी मारली. तो खांब हलला नाही. अर्ध्या तासानं सगळं थांबलं तेव्हा पूर्वेचं दार काही केल्या उघडेना. कपाटाला खांदा लावून ते सरकवलं, चार वर्षांची गंजलेली कडी वरवंट्यानं ठोकून काढली, आणि दक्षिणेच्या दारातनं बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भावजी आले. चढ चढल्यासारखा दम लागत होता त्यांना, तो मला दिसत होता. कललेल्या बाजूला त्यांनी साखळीची पुली लावली, दोन दिवस थोडं थोडं ओढत घर सरळ केलं. मीच म्हणाले की हे पूर्वेचं दार आता काढूनच टाका. त्यांनी मान हलवली. म्हणाले, राहू द्या, तुमच्या मनाला बरं वाटतंय न्हवं, मग राहू द्या. दाराच्या दोन्ही अंगाला अरुंद अरुंद फुल्या बसवतो, भागतंय. आणि तसंच केलं. माझी समजूतही मोडली नाही आणि घरही पडू दिलं नाही.

कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपत आलं तेव्हा मी चहा घेऊन गेले. गॉगल कपाळावर, कपबशी हातात, आणि नजर जमिनीकडं. मला म्हणाले, "वहिनी, एक इचारू? दादाचं जे झालं... ते म्या काढलेल्या दारानं झालं, असं वाटतंय का तुमाला?"

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या फुलीनं माझा जीव वाचवला होता, त्यांच्या दारानं मला बाहेर काढलं होतं, माझ्या मनात त्या दाराबद्दल आता तिळाएवढंही काही उरलं नव्हतं. पण चार वर्षांचा ताठा असा एका घोटात उतरतो होय? मी कपबशी घेतली आणि म्हणाले, "आता कशाला ते उकरून काढायचं, भावजी?" त्यांनी मान डोलावली. गॉगल खाली ओढला आणि राहिलेला वेल्डिंगचा टाका मारायला वळले.

आमचं शेवटचं बोलणं हेच. पेरण्या, पाऊस, ह्यातनं येडशीला जाणं झालं नाही. मग शेंगा फोडताना तो फोन.

अंत्ययात्रेच्या दिवशी सगळं अंगणातच होतं, घरात कोण कुठनं जातंय ह्याकडं माझं लक्ष नव्हतं. तेराव्याला गेले तेव्हा सवयीनं समोरच्या दाराकडं निघाले. येडशीतलं त्यांचं घरही त्यांनीच बांधलेलं, पत्र्याचं, पक्कं, आणि त्याचंही दार दक्षिणेला, रस्त्याकडं. लोखंडी दार जागेवर होतं, पण ढकललं तर हलेना. वाकून बघितलं. चौकटीला वरपासून खालपर्यंत वेल्डिंग मारलेलं. एकसारखं, कुठं थेंब सांडलेला नाही, त्यांच्याच हातचं.

मंगल मागनं आली. म्हणाली, आक्का, त्या दारानं न्हाय, सैपाकघरातनं या. मी विचारलं, हे कधी केलं?

"तुमचं घर सरळ करून आले न्हवं का, त्याच दिवशी," मंगल म्हणाली. "हातपाय धुतले न्हाईत, जेवले न्हाईत. मशीन काढली आणि दार बंद करून टाकलं. म्या इचारलं तर म्हणले, लेकराबाळांचं घर हाय, उगं इषाची परीक्षा नको. तुमाला काय बोलले होते का आक्का?"

तिथंच पायरीवर बसून मी मंगलला सगळं सांगितलं. श्राद्धाचं, कापलेल्या फुलीचं, चहाच्या वेळचं. दाराचा काही दोष नव्हता, त्यांचा तर नव्हताच, हे त्या पायरीवर मी चारदा तरी बोलले असेन. मंगल पदरानं डोळे पुसत ऐकत होती. माझं संपल्यावर ती रागावली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "आता मला सांगून काय उपेग, आक्का. हे त्यांना पायजे होतं."

दुकानातला कारागीर तिथंच होता. कटरनं पाच मिनिटांत मोकळं करतो म्हणाला, मीही मंगलला म्हणाले, कर मोकळं. तिनं नको म्हटलं. घरात त्यांच्या हातचं शेवटचं काम तेवढंच आहे, त्याला कटर लावू देणार नाही म्हणाली. तिला काय तोंडानं सांगणार होते मी?

परवा पुन्हा येडशीला जाऊन आले. मंगल ओट्यावर बसली होती, चहा झाला, सुनेच्या डोहाळजेवणाचं बोलणं झालं. दार तसंच आहे. मी घराला वळसा घालून सैपाकघरातनं आत गेले, आणि निघाले तेव्हाही तिकडनंच.