मागून उघडलेली वही

चांदसाब मास्तर मुलांची वही मागून उघडत. निबंध तपासायला घेतला की आधी शेवटची ओळ वाचायची आणि मग पहिल्या पानावर यायचं. मी त्या शाळेत नवा रुजू झालो तेव्हा मला वाटलं, सारी हयात उर्दू शिकवण्यात गेली, उजवीकडून पानं उलटायची सवय जाणार कुठे! तसं मी बोलूनही दाखवलं. ते हसले.

"सवय तर हाईच, गुरुजी. पर दुसरं बी कारण हाय. पोरगं सुरवातीला मास्तरसाठी लिवतंय. शेवटाला दमतंय, मास्तरला इसरतंय, मग खरं लिवतंय."

शाळा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, जळकोटच्या पलीकडच्या एका गावात होती. निजामी गेली, राज्य बदललं आणि वर्गातली उर्दूही गेली. अठरा वर्षं उर्दूतून शिकवलेल्या मास्तरांनी चाळिशी ओलांडल्यावर मराठी बाराखडी गिरवली. अक्षर टपोरं, पण डोक्यावरची रेघ मात्र ते उजवीकडून डावीकडे ओढत. त्यामुळे प्रत्येक शब्दाची रेघ उजव्या टोकाला जाड आणि डावीकडे बारीक होत जायची. अशी रेघ मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. डाव्या हातावर वही, उजव्या कानावर पेन्सिल, आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. त्या फेऱ्यांनी माझंही डोकं भणभणायचं. "मास्तर, बसा की जरा!" म्हटलं की म्हणायचे, "बसलो की झोप येती. पोरांचं लिवणं झोपंत वाचू व्हय?"

मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. तांबड्या शाईची दौत आणि ताठ मान, एवढंच भांडवल. चुकीला अर्धा गुण, मग ती चूक कुणाचीही असो. कापडाचं दुकान असलेल्या अप्पांची महादेवी सहावीत होती. तिच्या घरी कानडी बोलत. तिने 'आमचा म्हैस' असा निबंध लिहिला. "आमचा म्हैस मेला. आई दोन दिवस भाकरी खाल्ला नाही," अशी सुरुवात. मी पान तांबडं केलं आणि दहापैकी दोन गुण दिले. मास्तरांनी वही उचलली, मागून उघडली, शेवटची ओळ वाचली आणि फेऱ्या घालता घालता थांबले. ती ओळ होती, "मी अजून चुकून त्याची बादली भरतो."

"सात द्या हिला," मास्तर म्हणाले.

"सात? अहो, लिंग एका ठिकाणी धड नाही!"

"लिंग चुकलं, गुरुजी. म्हैस न्हाय चुकली."

मी दोनाचे सात केले नाहीत. पाटलांच्या मुलाला मात्र चार ऱ्हस्वदीर्घांसाठी त्याच मास्तरांनी उभं केलं होतं. मी हा पक्षपात दाखवून दिला, तर म्हणाले, "त्याची माय मराठी बोलती. त्याचा सदरा घरी शिवलेला हाय, बटन तुटलं तर त्याला बोलीन. महादेवीनं दुसऱ्याचा सदरा मागून घातलाय. बाही लांब व्हायचीच. आत पोरगी हाय का न्हाय, तेवढं बगा."

खुद्द मास्तरांच्या अंगावरही मागून आणलेलाच सदरा होता. खात्याची मराठीची परीक्षा पास झाल्याशिवाय त्यांना नोकरीत ठेवणार नव्हते. दोनदा नापास झाले होते आणि तिसरी खेप शेवटची होती. हेडमास्तरांनी त्यांना माझ्या हवाली केलं. रोज शाळा सुटल्यावर ते एक निबंध लिहून आणत आणि मी तो तांबडा करून परत देई. "मी पुस्तक वाचलो", "पुस्तक फाटली", "घर पडला". नपुंसकलिंग त्यांच्या गळी उतरेना. "किताबला आमच्यात बाई म्हनत्यात, ती इथं येऊन ना बाई ना बाप्या कशी झाली?" असं म्हणून ते कपाळाला हात लावत. मी दहा निबंध पाठ करायला दिले. त्यांनी ते न उघडताच परत केले. "दुसऱ्याचं घोकून लिवलं तर पास कोन झालं, गुरुजी?"

त्यांची परीक्षा झाली आणि पंधरा दिवसांत मला उस्मानाबादेहून बोलावणं आलं, त्याच परीक्षेचे पेपर तपासायला. पेपरांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. चौथ्या दिवशी एका पेपरावर रेघ दिसली, उजवीकडे जाड आणि डावीकडे बारीक. निबंधाचा विषय होता 'माझ्या आयुष्यातला न विसरता येणारा दिवस'. ओळख पटली म्हणून हात सैल सोडायचा नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं आणि उलट जास्तच आवळला. चुकीला अर्धा गुण. दुसऱ्या पानाच्या मध्यावर गुण संपतच आले होते. पुढे कितीही चांगलं असलं तरी पास होणं शक्य नव्हतं. मी चार गुण मांडले, सही केली आणि पुढचं पान न उलटताच पेपर मिटला.

निकाल लागला. मास्तर तीन गुणांनी गेले. सास्तूरला भावाच्या शेतावर निघाले, तेव्हा पोहोचवायला मी सडकेपर्यंत गेलो. महिनाभर मला अन्न गोड लागलं नव्हतं. मोटार यायची होती आणि मास्तर ट्रंकेभोवती फेऱ्या घालत होते. मला राहवलं नाही.

"मास्तर, तुमचा पेपर माझ्याकडे होता. मी ओळखला होता."

ते थबकले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग वाढवले न्हाईत, ते बेस केलं," ते म्हणाले. "वाढवले असते तर तुमच्याकडं बगाया मला लाज वाटली असती." पुन्हा एक फेरी घालून आले आणि लाजत विचारलं, "पर शेवट कसा वाटला? शेवटच्या चार वळी तुमच्यावरच लिवल्या हुत्या म्या."

"चांगला होता, मास्तर," मी म्हणालो.

एवढी वर्षं ज्याने धडा न वाचता आलेली पोरं ओळखली, तो माझ्याकडे बघत राहिला. कानावरची पेन्सिल काढली आणि खिशात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले. मोटार आली.

दोन-तीन वर्षांनी सास्तूरहून आलेल्या एकाने ते गेल्याचं सांगितलं. पुढे मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि प्रत्येक वही मागून उघडली. मुलं मागे हसत, ते मला माहीत होतं. हजारो शेवटच्या ओळी वाचल्या. त्या चार तेवढ्या राहिल्या.