दसऱ्यापर्यंत चालेल

साठच्या दशकात लोणावळ्याजवळच्या एका धरणावर मी लाँचचा मिस्त्री होतो. लाँच जुनी, डिझेलवर चालणारी. साहेब लोक तिच्यातून पाहणीला जात. एरवी पलीकडच्या वाडीची माणसं बाजाराला येत-जात. ती चालवणारे आबा त्याच वाडीचे. त्यांनी इंजिन जाळलं, असं तिकडे अजून म्हणतात. ते खोटं आहे.

इंजिन थंड राहावं म्हणून एक छोटा पंप तळ्याचं पाणी ओढून आत फिरवी आणि नळीतून बाहेर टाकी. पंपात रबरी पंखा. त्याची पाती बुडाशी चिरली की बाहेरची धार बारीक होते. अंगठ्याने पातं वाकवून पाहायचं आणि चीर दिसली की पंखा बदलायचा. आणखी किती दिवस निघतील याचा अंदाज करत बसायचं नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. नवा पंखा माझ्या कपाटात होता.

पण आमची रीत अशी, की खंडेनवमीच्या आधी इंजिन पूर्ण खोलायचं, झिजलेलं सगळं एकदम बदलायचं, मग पूजा. त्यामुळे वर्षभराच्या आळसाला देवाचा आधार मिळे.

भाद्रपदात आबा म्हणाले, "मिस्त्री, धार लय बारीक झालीय. बगा की."

मी पंपाचं झाकण काढलं. पाती चिरली होती. पंखा धरून ठेवणारे बोल्ट गंजलेले, काढताना बोटं सोलवटत. मी झाकण परत लावलं.

"दसऱ्याला खोलायचंच आहे, आबा. मुहूर्ताआधी हळद लावू नका."

"नवरी म्हातारी हाय. तवर टिकंल का?"

"टिकेल."

त्याच आठवड्यात, वाडीच्या बायका लाँचमध्ये असताना, भर तळ्यात वारा सुटला. धार बंद झाली, इंजिन तापलं. धरण भरून सांडव्यावरून पाणी जात होतं. इंजिन बंद केलं असतं तर लाँच तिकडेच ओढली गेली असती. आबांनी तसंच रेटलं. काठाला लागता लागता इंजिन जाम झालं, ते कायमचं. बायका मात्र सुखरूप उतरल्या.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. त्याआधी मी चिरलेला पंखा काढून तळ्यात फेकला आणि नवा बसवला. तेव्हा बोल्ट बरे सुटले.

"तापलंय हे कळलं नाही?" साहेबांनी आबांना विचारलं.

"कळलं, सायेब. पन बाया व्हत्या. आन् धार बारीक पडतीया, ह्ये मिस्त्रीला आदीच सांगितलं व्हतं."

साहेब माझ्याकडे वळले.

"पंप ठीक आहे," मी म्हणालो. "उघडून पाहा."

त्यांनी पाहिलं. आबांचं काम सुटलं.

कुठलंसं जुनं इंजिन आणून लाँच पुन्हा उभी केली. खंडेनवमीचा झेंडू दरवर्षी आबांच्या परसातून येई. त्या वर्षीही ते टोपली घेऊन आले.

"तुमी कशाला आणलीत?" मी विचारलं. तोंडातून त्यांचीच बोली निघाली.

"पूजा चुकू न्हाई. इंजिनानं कुणाचं काय क्येलंय?"

मी हार घातला, नारळ फोडला. प्रसाद घेऊन वळलो तेव्हा आबा बांधावरून निघाले होते. हाक ऐकू जाईल इतकेच लांब. साहेब शेजारी उभे होते. मी खोबरं साहेबांच्या हातावर ठेवलं.