वरच्या निवाऱ्यातल्या दोन जागा

पुण्यात कॉलेजात असताना मी चार वर्षं फ्रेंच शिकले. पुढे त्याचं काही झालं नाही. लग्न झालं, नवऱ्याला नेदरलँड्समध्ये चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही फेल्डहोवनला राहायला आलो. इथे डच शिकायची वेळ आली आणि फ्रेंच मागे पडलं. ते पुन्हा कामाला आलं ते दोन हजार पाचच्या सुमारास, नवऱ्याच्या डोंगरांच्या वेडापायी.

लग्नाआधी त्याचा प्रत्येक शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जायचा. हिमालयात जाऊन त्याने गिर्यारोहणाचा महिनाभराचा कोर्सही केला होता. आता तो सायकलने ऑफिसला जायचा त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे हायवेवरचा पूल. दोन वर्षं त्याने डोंगरांबद्दल चकार शब्द काढला नाही. मग ऑफिसात त्याची एका डच सहकाऱ्याशी दोस्ती झाली. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. विशीपासून आल्प्समध्ये चढाया करत आलेला. त्या हिवाळ्यात दोघांनी ठरवलं, जुलैमध्ये फ्रान्समधल्या आल्प्समध्ये पाच दिवस जायचं. रोज एका निवाऱ्यातून दुसऱ्या निवाऱ्यात. हे निवारे म्हणजे डोंगरात उंचावर बांधलेली घरं. लाकडी फळ्यांवर ओळीने गाद्या, संध्याकाळी गरम सूप, आणि सगळं बघायला एक रखवालदार.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले जायचे. गुंडाळी होऊ नये म्हणून कोपऱ्यांवर माझे स्टीलचे डबे ठेवलेले असत. एका बाजूला कोणत्या दिवशी किती मीटर चढ, किती उतार, किती तास याचा तक्ता. चौथ्या दिवसाच्या खाली नवऱ्याने लाल रेघ मारली होती. त्या दिवशी वरच्या निवाऱ्यातून पहाटे निघून हिमनदी ओलांडायची होती.

"म्हणजे बर्फावरून चालायचं?" मी विचारलं.

"बर्फावरून चालणं सोपं आहे गं. बर्फाखाली भेगा असतात. त्या दिसत नाहीत."

"मग?"

"मग दोघं एका दोराला बांधून घेतो. एक पडला तर दुसरा त्याला धरून ठेवतो."

हे कसं करतात ते त्याने मला दाखवलंही. आमच्या घराचा जिना डच घरांत असतो तसा, शिडीसारखा उभा. त्याने वरच्या कठड्याला दोर बांधला आणि जिन्याच्या पोकळीत स्वतःला लोंबकळत सोडलं. मग दोराला लहान दोऱ्यांच्या गाठी मारत इंच इंच वर आला. वर पोचायला त्याला पंधरा मिनिटं लागली. घामाने भिजला होता, पण खूश होता. मी मात्र त्या पंधरा मिनिटांत कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"आणि वरच्याला एकट्याला धरवलं नाही तर?"

"म्हणून तर सराव," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. नवरा दहा-दहा किलोच्या कणकेच्या दोन पिशव्या सॅकमध्ये भरून तो जिना चाळीस-चाळीस वेळा चढायचा-उतरायचा. त्या धडधडीने त्यांची दुपारची झोप मोडायची.

"अगं, याचं चाललंय काय?" त्यांनी मला विचारलं.

"डोंगरावर जायचा सराव आहे, आई."

"किल्ल्यांवर जायचा तेव्हा नाही कधी कणीक नेली."

मी हसले. लाल रेघेबद्दल त्यांना काही सांगितलं नाही.

निवाऱ्यांचं बुकिंग फोनवर करावं लागे आणि तिथले रखवालदार फ्रेंचशिवाय काही बोलत नसत. डच मित्राचं फ्रेंच पाव मागण्यापुरतं. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. जूनमधल्या एका सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर मी यादी घेऊन बसले. पहिले दोन निवारे पाच मिनिटांत झाले. तिसरा फोन वरच्या निवाऱ्याचा. एका बाईने उचलला. खणखणीत आवाज, मागे भांड्यांचा आवाज.

"दोन जागा? हो, आहेत. त्या आठवड्यात भरपूर आहेत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "इथून पुढे कुठे जाणार?"

मी सांगितलं.

"दोघंच? गाइड नाही?"

"नाही."

मागचा भांड्यांचा आवाज थांबला. "ऐका बाई. या वर्षी बर्फ कमी पडलाय. भेगांवरचे बर्फाचे पूल आत्ताच खचायला लागलेत. गेल्या आठवड्यात दोघांची एक जोडी अर्ध्यातून परत आली. मी त्यांना जाऊ नका म्हणणार नाही, पण एका दोरावर निदान तिघं तरी हवेत. त्यांना सांगा. जागा ठेवू का?"

मी म्हणाले, "मी परत फोन करते."

दिवसभर मी त्याला हे कसं सांगायचं याची मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्याचं उत्तरही मला ऐकू येत होतं. 'रखवालदार असंच बोलतात. आम्ही सराव केलाय. तिथे गेल्यावर बघू.' माझं शिक्षण फ्रेंचचं, त्याचं डोंगराचं. मी हरणार हे मला आधीच ठाऊक होतं.

संध्याकाळी तो आला, बूट काढता काढता त्याने विचारलं, "झालं बुकिंग?"

"खालचे झाले," मी म्हणाले. "वरचा भरलाय."

"एक दिवस मागेपुढे केलं तर?"

"अख्खा आठवडा भरलाय म्हणाली."

इतकं सहज निघालं तोंडातून. तो टेबलाशी जाऊन नकाशाकडे बघत राहिला. मग त्याने मित्राला फोन केला. गुरुवारी दोघांनी नवा रस्ता काढला, हिमनदी टाळून एका खिंडीतून पलीकडच्या दरीत उतरणारा. मी तिथल्या निवाऱ्यात दोन जागा मिळवून दिल्या. मित्र म्हणाला, "वरच्या निवाऱ्यात तसंच जाऊन धडकलो तरी चालतं. डोंगरात आलेल्या माणसाला कुणी बाहेर ठेवत नाही." मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. नवरा म्हणाला, "नको, भरलाय तर कशाला त्रास द्यायचा." पुढचे पंधरा दिवस टेबलावरचा फोन वाजला की मला वाटे, तीच बाई असणार. खरं तर तिच्याकडे आमचा नंबरही नव्हता.

जुलैत दोघं मित्राच्या गाडीने गेले. ठरलं होतं की रोज निवाऱ्यात पोचल्यावर, सहाच्या आत, तिथल्या फोनवरून मला कळवायचं. मोबाइलला त्या दऱ्यांमध्ये रेंज नव्हती. पहिल्या दिवशी साडेचारला फोन आला. दुसऱ्या दिवशी पाचला. तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी ते खिंडीतून उतरणार होते, सहा वाजले, साडेसहा झाले, फोन वाजला नाही.

पावणेसातला मीच तिथे फोन लावला. रखवालदार पुरुष होता. त्याने वही बघितली. "हॉलंडहून दोघं. नाही, आले नाहीत. तीनच्या सुमारास खिंडीवर गारा आणि विजा होत्या. तिकडून कुणीच उतरलं नाही आज." मग शांतपणे म्हणाला, "नऊपर्यंत वाट बघू. नंतर मी बचाव पथकाला कळवतो."

सासूबाई समोर बसल्या होत्या. फ्रेंच कळत नसलं तरी माझा चेहरा त्यांना कळत होता.

"काय झालं?"

"पोचले नाहीत अजून."

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी बागेला पाणी घालत होता. मी स्वयंपाकघरात गेले, तिथून बाहेर आले, पुन्हा आत गेले. आणि उभ्या उभ्याच त्यांना सगळं सांगून टाकलं. वरचा निवारा, ती बाई, भेगा, मी काय खोटं बोलले, सगळं. "माझ्यामुळे ते या रस्त्याने गेले, आई. तो सोपा आहे म्हणून मी..."

त्या धीर देतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? आधी त्याचा शोध घे. वरच्या बाईला विचारलंस?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खिंडीच्या अलीकडून एक फाटा वरच्या निवाऱ्याकडे जातो हे नकाशावर मी शंभरदा पाहिलं होतं. मी नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. चौथ्यांदा वाजला.

"हो, हो, आहेत इथे," तोच खणखणीत आवाज. "साडेचारला आले, ओलेचिंब. वादळात आमचा फोन बंद पडला होता, आत्ता चालू होतोय. बोला."

मी मान हलवून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला.

"घाबरलीस का? आम्ही ठीक आहोत. विजा व्हायला लागल्यावर हाच सगळ्यात जवळ होता." मग म्हणाला, "इथे अर्ध्या गाद्या रिकाम्या आहेत. इथली बाई म्हणते, अख्खा आठवडा रिकाम्याच होत्या. जूनमध्ये हॉलंडहून एका बाईचा फोन आला होता म्हणते."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

मागे लोकांचं हसणं, चमच्यांचा आवाज येत होता.

"उद्या?" मी विचारलं.

"उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला आणि फोन ठेवला. खिंडीपलीकडच्या रखवालदाराला मी लगेच फोन करून दोघं सुखरूप असल्याचं कळवलं.

त्या रात्री मला आणि सासूबाईंना दोघींनाही झोप लागली नाही. सकाळ आणखी वाईट गेली. तो चिडून मुद्दाम हिमनदीवर जाईल असं मला वाटत राहिलं. दुपारी दोनला फोन वाजला. दोघं हिमनदी ओलांडून पलीकडच्या गावात उतरले होते. वरच्या बाईने त्यांनाही तेच सांगितलं होतं, एका दोरावर तिघं तरी हवेत. म्हणून ते तीन फ्रेंच लोकांच्या जोडीला गेले, पाच जण एका दोरावर. एका ठिकाणी मित्राचा पाय मांडीपर्यंत भेगेत गेला. चौघांनी दोर ताणून धरला आणि तो लगेच बाहेर आला.

"मांडीपर्यंत?" मी विचारलं.

"हो. पाच जण होतो म्हणून काही नाही झालं," तो म्हणाला. मला वाटतं, हे त्याने मुद्दाम सांगितलं.

घरी आल्यावर दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी सासूबाई फिरायला गेल्या असताना मागच्या बागेत दोर वाळत घालता घालता म्हणाला, "वरच्या बाईने मला सांगितलं, मी ऐकलं. तू सांगितलं असतंस तर ऐकलं नसतं असं का वाटलं तुला?"

"कारण आजवर ऐकलं नाहीस म्हणून."

"असेल," तो म्हणाला. "पण तू सांगून तर बघायचंस. आम्ही खिंडीतच अडकलो असतो तर? वर जागा नाही असं समजून मी वर वळलोच नसतो. मित्र म्हणाला, चल, बाहेर ठेवणार नाहीत. म्हणून वळलो."

हे मला सुचलंच नव्हतं. मी तिथेच गवतावर बसले. त्याने दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही तो दोघांनी मिळून तारेवर टाकला. माफी मी रात्री जेवताना मागितली, सासूबाईंच्या देखत. त्या म्हणाल्या, "वाढ त्याला," आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी पुन्हा यादी आली. मी फोन केले. एका रखवालदाराने वाटेतल्या कड्यावरून दगड कोसळत असल्याचं सांगितलं. मी शब्दन् शब्द कागदावर लिहिला, संध्याकाळी त्याच्यासमोर ठेवला आणि काही न बोलता भाजी चिरायला घेतली. त्याने तो दोनदा वाचला. मग पेन्सिल घेऊन नकाशावर वाकला आणि विचारलं, "सकाळी लवकर निघालो तर चालेल का, हे विचारलंस?"

"नाही."

"उद्या विचारशील?"

"विचारेन," मी म्हणाले. आणि कागदाच्या तळाशी त्याचा प्रश्न लिहून ठेवला.