ठोकळ्यावरची माय

क्रांती चौकामागच्या आमच्या कार्यशाळेत येणारी निम्मी माणसं लग्नपत्रिका छापून मिळतील का, हे विचारायला यायची. इथं लाकूड कोरून त्यावरून चित्रं छापतात, देणगीवर चालतं, कुणीही यावं, फी नाही, असं सांगितलं की कीव केल्यासारखी बघून निघून जायची. फुकट म्हटलं की लोकांना संशय येतो. मला त्यांचा राग यायचा.

फुलंब्रीकडची एक बाई मात्र टिकली. घरची मेंढरं वडिलांच्याच काळात संपली होती. ती शहरात बांधकामावर यायची आणि रविवारी आमच्याकडे. तिला एकच चित्र कोरायचं होतं, आईचं. आई गेली तेव्हा ही पाचेक वर्षांची. फोटो एकही नाही.

"डोळ्यापुढं एक तोंड येतं, सर," ती म्हणाली. "पर ते मायचंच हाय का मीच रचलंय, कुणाला ठावं? आबाला दाखवून इचारायचंय."

असल्या हळव्या विषयांचा मला मनापासून कंटाळा. पण तिचा हात चांगला होता, पटाशी लाकडावरून घसरत नव्हती. डाव्या गालावर गोंदलेला तीळ, एका बाजूला ओढलेलं हसू. डोळ्यापुढं आलं तसं तिनं सरळ कोरून टाकलं. कागदावर छाप उलटा उमटतो, म्हणून लाकडावर चित्र उलटं काढायचं असतं. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतो आणि सगळे एकदा तरी विसरतात. एक चेहरा उलटा छापला गेला तर काय बिघडतंय, म्हणून मीही काही बोललो नाही.

पहिला छाप काढायच्या दिवशी ती आबांना, म्हणजे वडिलांना, घेऊन आली. म्हातारा खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून खालीच बसला. तिनं छाप त्याच्यापुढं धरला. त्यानं बराच वेळ बघितलं.

"झ्याक काढलंय, बाई. पर ही तुझी माय नाय."

ती ओल्या शाईच्या त्या कागदाची तशीच घडी घालायला लागली. "अगं, शाई!" मी ओरडलो, आणि ओरडता ओरडता माझ्या ध्यानात आलं. छापात डावं-उजवं पालटतं, असं म्हाताऱ्याला सांगत मी शाईनं माखलेला ठोकळा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला.

तो वाकला, आणि एकदम लेकीवरच खेकसला. "आन् इतका वेळ ही कुठं ठिवली व्हती?"

त्यानं ठोकळा दोन्ही हातांत घेतला. बोटं काळी झाली तरी सोडला नाही. "हीच. अशीच एका गालात हसायची. लई हसायची."

 ती मटकन त्याच्याशेजारी बसली.

"म्हंजी आबा," ती म्हणाली, "मला माय आठवती."